संत्र्याच्या दोन फोडी

१२ जुलै

दादा,

'पत्रास कारण की' एवढं लिहून मी दहा मिनिटं नुसती बसून होते. कारण तुलाही माहीत आहे आणि मलाही. फोन तू उचलत नाहीस, मेसेज उघडत नाहीस. आईला विचारलं की ती म्हणते, "तुमचं तुम्ही बघा, मला मध्ये घालू नका," आणि मग अर्धा तास मध्ये पडूनच बोलत राहते. म्हणून पत्र. पाकीट न फोडता फेकून देणं तुझ्या जिवावर येईल, एवढी मी तुला ओळखते. बंद पडलेला रेडिओसुद्धा तू झाकण उघडून बघितल्याशिवाय भंगारात देत नाहीस.

बातमी अशी की मला कॉलेजातच काम मिळालंय. हसायचं नाही. लेखन केंद्रात. ज्या मुलांचं निबंध, अहवाल, अर्ज असलं काही लिहिताना घोडं अडतं, ती इथे वेळ ठरवून येतात, आणि आमच्यासारखी वरच्या वर्गातली मुलं त्यांच्या शेजारी बसून मदत करतात. आम्ही शिक्षक नाही, परीक्षक नाही, बरोबरीचेच. एकेकाला चाळीस मिनिटं. मी तिसऱ्या वर्षाला, लेखनात वर्गात पहिली, म्हणून मला घेतलं. तू म्हणशील, मास्तरीणबाईंना आयतंच मैदान मिळालं.

केंद्र म्हणजे ग्रंथालयाच्या जिन्याखालची एक लांबट खोली. चार टेबलं. प्रत्येकाला दोन खुर्च्या, त्याही समोरासमोर नाहीत, शेजारी शेजारी. भिंतीवरचं घड्याळ पाच मिनिटं पुढे, आणि सगळ्यांना ते माहीत असल्यामुळे त्याचा काही उपयोग नाही. दाराशी कपाटावर बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा. पहिल्या दिवशी मी ते लाल पेन खिशाला लावून ऐटीत गेले. तेच, शाळेची शेवटची परीक्षा पास झाले तेव्हा तू दिलेलं. दारातच केंद्राच्या प्रमुख मॅडमनी हात पुढे केला. मला वाटलं, स्वागत करतायत. मी हात मिळवला. त्या म्हणाल्या, "हात नको, पेन."

आणि माझं पेन डब्यात. इथला नियमच तसा आहे. ट्यूटरने टेबलावर पेन न्यायचं नाही. कागद लिहिणाऱ्याचा, पेन लिहिणाऱ्याचं. आपण ऐकायचं आणि विचारायचं. मला वाटलं, गवंड्याच्या हातातून थापी काढून घेतली आणि म्हणाले, बांध आता भिंत.

हे तुला का सांगतेय ते तू ओळखलंच असशील. मी जुनं उकरून काढणार नाही. लिफ्ट घसरली, आतल्या म्हाताऱ्या हिशेबनिसांचा पाय मोडला, दोन दिवस आधी त्या लिफ्टची सर्व्हिसिंग तू केली होतीस, आणि चौकशीसाठी तुझा जबाब मी लिहून दिला. चांगल्या हेतूने दिला. अधिकारी म्हणाले, ही भाषा तुमची नाही, आणि तुला कामावरून काढलं. तुला वाटतं ते माझ्यामुळे झालं. वाटू दे. फक्त तू आधी लिहिलेला तो कागद कुठे आहे, हे आईकरवी पुन्हा विचारू नकोस. तो कचऱ्यात गेला, हे मी तेव्हाच सांगितलंय.

पंखे दुरुस्त करताना खाली नीट स्टूल लाव. आई सांगत होती, खुर्चीवर चढतोस म्हणून.

तुझी,
मास्तरीण


२ ऑगस्ट

दादा,

उत्तर नाही. पण पाकीट परतही आलं नाही, तेवढ्यावर मी खूश आहे.

मागच्या पत्रात मी ऐट केली. आता फजिती ऐक. पहिल्याच आठवड्यात माझ्याकडे वनस्पतिशास्त्राची एक मुलगी आली. इतकी हळू बोलायची की मला तिच्या ओठांकडे बघावं लागायचं. नेच्याच्या, म्हणजे फर्नच्या, पानांवरचा तिचा अहवाल तिच्या सरांनी दोनदा परत केला होता. इथली पद्धत अशी की लिहिणाऱ्याने आधी आपलं लिहिलेलं मोठ्याने वाचायचं. तिने वाचायला सुरुवात केली आणि पाचव्या मिनिटाला माझा धीर सुटला. मी तिच्याच हातातून तिचं पेन घेतलं आणि अख्खा परिच्छेद झरझर लिहून दिला. काय लिहिला म्हणून सांगू! माझी मलाच शाबासकी द्यावीशी वाटली.

ती म्हणाली, "छान झालंय." मग जरा वेळाने म्हणाली, "पण सरांनी यातलं काही विचारलं, तर मी काय सांगू?"

मी म्हटलं, "सोपं आहे की." पण मला ते सोपं करून सांगता येईना, कारण मी नेच्याचं पान जवळून कधी पाहिलंच नव्हतं.

मॅडम मागच्या टेबलावरून सगळं ऐकत होत्या. आता बोलणी बसणार म्हणून मी मान खाली घालून तयार राहिले. त्या रागावल्या नाहीत. नुसतं म्हणाल्या, "हा आठवडा तू माझ्या शेजारी बस. बोलू नकोस. आणि हात मांडीखाली ठेव."

"मांडीखाली?"

"त्यांना सवय आहे धावायची."

तर मी आठवडाभर हातांवर बसून होते. पहिल्या दिवशी मुंग्या आल्या, दुसऱ्या दिवशी राग आला, आणि तिसऱ्या दिवशी ऐकू यायला लागलं.

दादा, तू मॅडमना बघायला हवं होतंस. ठेंगण्या, जाड्या, चष्मा दोरीने गळ्यात आणि डोळ्यांवर कधीच नाही. मी विचारलं, चष्मा लावत का नाही, तर म्हणाल्या, "कागद दिसला की चुका दिसतात. मला आधी माणूस ऐकायचा असतो." ती नेचावाली मुलगी पुन्हा आली. चाळीस मिनिटांत मॅडमनी मोजून सहा प्रश्न विचारले. हे तू पाहिलंस की कुठे वाचलंस? तेव्हा तू कुठे उभी होतीस? मग काय झालं? हे कोण म्हणालं? यातलं तुला सगळ्यात खरं काय वाटतं? आणि शेवटी, आणखी काय राहिलं?

शेवटच्या प्रश्नाला ती मुलगी बराच वेळ गप्प होती. तेवढा वेळ मॅडमही गप्प. मी असते तर मधल्या वेळात तीन वाक्यं सुचवली असती. मग ती म्हणाली की तिच्याकडे पट्टी नव्हती, म्हणून रोज सकाळी ती दोऱ्याने पान मोजायची आणि दोऱ्याला गाठ मारायची. एकवीस दिवस, एकवीस गाठी. दोरा दप्तरातच होता. तिने काढून दाखवला. शेवटच्या गाठी एकमेकींना चिकटलेल्या होत्या, म्हणजे पानाची वाढ कुठे थांबली ते बोटाला कळत होतं. हे तिने लिहिलंच नव्हतं, कारण तिला वाटलं, पट्टी नव्हती हे सांगायची लाज!

ती तिथेच बसून स्वतःच्या पेनाने लिहायला लागली. मॅडमनी तिच्या कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही, खिडकीतून सायकल स्टँड बघत बसल्या. इतकं काहीही न करता इतकं करणारं माणूस मी आजवर पाहिलं नव्हतं. नाही, एक पाहिलंय. लिफ्टच्या खोलीत डोळे मिटून, मोटरवर हात ठेवून उभा राहायचा. मी लहानपणी तुझ्याबरोबर यायचे तेव्हा म्हणायचे, "दादा, काहीतरी कर ना," आणि तू म्हणायचास, "करतोय."

तुझी,
मास्तरीण


२४ ऑगस्ट

दादा,

आज एका बाईंबद्दल लिहिते. आम्ही सगळे त्यांना सिस्टरच म्हणतो. एकोणीस वर्षं वॉर्डात काढलेल्या नर्स आहेत, आता पदवीसाठी पुन्हा कॉलेजात आल्यात. ड्युटी संपली की तशाच युनिफॉर्ममध्ये येतात, घड्याळ छातीवर पिनने उलटं लावलेलं. खुर्चीत बसतात त्या दोन्ही पाय बुटातून अर्धे बाहेर काढून. म्हणतात, "माझं डोकं चालायला लागायच्या आधी पाय थांबायला हवेत."

त्यांना वॉर्डातला एक प्रसंग लिहायचा होता. निर्णय कसा घेतला, यावर. त्यांनी वाचलं, ते जसं आठवतं तसं देते. "बेड सातच्या आजींनी सकाळपासून तीनदा पाणी मागितलं. तिसऱ्या वेळी म्हणाल्या, माझ्या नवऱ्याला पण द्या. त्यांचे मिस्टर जाऊन अकरा वर्षं झाली होती. मी दोन पेले भरले आणि डॉक्टरांना फोन केला."

माझे हात मांडीखाली होते, पण जीभ कुठे होती? मी म्हटलं, "सिस्टर, हे पाण्याचं थोडं भावुक होतंय. वगळलं तर? सरळ डॉक्टरांपासून सुरुवात करू."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं एखाद्या नातेवाइकाने सलाइनची नळी काढून बाजूला ठेवली असावी. म्हणाल्या, "अगं, त्या पाण्यावरूनच तर कळलं मला! साखर चढली होती त्यांची. तहान आणि भ्रम. मशीन लावायच्या आधी मला कळलं. ते काढलंस तर मी डॉक्टरांना बोलावलं तरी कशाला?"

"पण दोन पेले कशाला भरले?"

"त्यांच्या मिस्टरांना दिलं नसतं तर त्या स्वतः प्यायल्या नसत्या." एवढं म्हणून त्या हसल्या. "बाळ, पेशंट मोठं काही सांगत नाही. मोठं काही झालं की तो बोलतच नाही. जे सांगतो ते लहानच असतं. ते ऐकायला पगार देतात आम्हाला."

मी त्यांना थांबायला सांगून तोंड धुवायला गेले. नळाखाली हात धरून किती वेळ उभी होते कोण जाणे. सिस्टर मागून आल्या, कपाळाला हात लावून बघितला आणि म्हणाल्या, "ताप नाही. मग मनातलं असणार." आणि परत जाऊन बसल्या.

मनातलं तुला सांगते. तू अपघाताच्या दिवशी लिहिलेला कागद मला शब्दन् शब्द पाठ आहे.

"मंगळवारी सर्व्हिसिंग केली. लिफ्ट उतरताना चौथ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये दोनदा टक् वाजते. चढताना वाजत नाही. रिकामी असली तर एकदाच. मी खाली जाऊन सुपरवायझर साहेबांना सांगितलं. ते वॉचमनच्या खोलीत बसून संत्रं सोलत होते. त्यांनी मला दोन फोडी दिल्या आणि म्हणाले, पुढच्या फेरीत बघू, तोवर चालू दे. मी परत वर जाऊन एकदा ऐकलं. मग फॉर्मवर सही केली. सही करायला नको होती."

आणि त्याचं मी काय केलं? "सदर उद्वाहनाच्या देखभालीदरम्यान काही अनियमितता निदर्शनास आल्याने वरिष्ठांना यथोचित अवगत करण्यात आले होते." एक वाक्य. मला किती अभिमान वाटला होता त्याचा! तुला वाचून दाखवलं तेव्हा तू म्हणालास, "संत्रं गेलं का?" मी म्हटलं, "दादा, चौकशी आहे, भाजीबाजार नाही."

त्या खोलीत काय झालं ते तू घरी येऊन एकदाच सांगितलंस, जेवणाच्या ताटाकडे बघत. अधिकाऱ्यांनी विचारलं, वरिष्ठ म्हणजे कोण? कुठे? कधी? तू सगळं तोंडी सांगितलंस. सुपरवायझर म्हणाले, मी त्या दिवशी तिथे गेलोच नव्हतो. मग अधिकारी म्हणाले, "एवढं सगळं घडलं होतं तर जबाबात का नाही? आणि यथोचित म्हणजे काय हो?" तू ते वाक्य पुन्हा वाचायला लागलास. ते म्हणाले, "ही भाषा तुमची नाही. कोणीतरी पढवलेलं दिसतंय." तू म्हणालास, माझ्या पहिल्या कागदावर सगळं होतं. ते म्हणाले, आणा तो कागद.

ज्या गोष्टींमुळे त्यांचा तुझ्यावर विश्वास बसला असता, नेमक्या त्याच मी खरवडून काढल्या होत्या. रंग उडालेला दिसला म्हणून लिफ्टवरचा मजल्यांचा आकडाच घासून टाकावा, तसं.

पुढे लिहवत नाही. उद्या लिहीन.


२५ ऑगस्ट, सकाळी

दादा,

कालचं पाकीट अजून टाकलेलं नाही. दोन्ही एकत्रच टाकते.

काल लिहिलं की तुझा कागद मला पाठ आहे. ते खोटं नाही, पण अर्धंच आहे. कागद माझ्याकडे आहे.

कचऱ्यात गेलाच नव्हता. माझ्या जाड शब्दकोशात, मधल्या पानांत आहे, पहिल्या दिवसापासून. तू दारात उभा राहून विचारलंस, "बघ ना गं नीट, साहेब म्हणाले तो कागद असेल तर बघू," तेव्हा शब्दकोश माझ्या मांडीवर होता. आणि मी म्हटलं, "टाकला वाटतं, केर काढताना गेला असेल."

का म्हटलं ते सांगते. तुझ्या सर्व्हिसच्या वहीतला तो कागद, वर नंबर छापलेला, ४१२. त्याच्या आधीचा आणि नंतरचा कागद तुमच्या ऑफिसच्या फाइलीत आहे, म्हणजे तू तो अपघाताच्या दिवशीच लिहिलास हे कोणालाही कळलं असतं. पण त्याच कागदावर, टक् आवाजापासून दोन फोडींपर्यंत, माझी लाल रेघ आहे. आणि समासात माझ्या अक्षरात, गोलबिल करून, एक शब्द. "अनावश्यक."

तो शब्द त्या साहेबांनी वाचावा, हे मला सहन होईना. कॉलेजात पहिली येणारी बहीण, आणि तिने भावाच्या बाजूचा एकमेव पुरावा लाल पेनाने खोडून वर शेरा मारलाय. तुझी नोकरी एकीकडे होती आणि माझी अब्रू एकीकडे, आणि मी माझी अब्रू उचलली. याला मी दुसरं नाव देऊ शकत नाही. गेले आठ महिने देत होते. "चांगला हेतू" म्हणत होते.

कागद सोबत आहे. रजिस्टर पोस्टाने पाठवतेय. वेगळ्या चिठ्ठीवर मी सही करून लिहिलंय की लाल शाईतलं सगळं माझं आणि कागद मी लपवला होता. बोलावलं तर समोर येऊन सांगेन.

आई म्हणाली की फेरचौकशीच्या अर्जाला दहा सप्टेंबरपर्यंत मुदत आहे आणि तू कचेरीबाहेरच्या टायपिस्टकडून लिहून घेणार आहेस. दादा, पाया पडते, नको. तो माझाच थोरला भाऊ शोभेल. त्याच्याकडे यथोचितचा मोठा साठा असणार. तू लिही. तुझ्या हाताने, तुझ्या पेन्सिलने, कानामागची काढून.

मी तुला दुरुस्त्या पाठवणार नाही. मॅडमचे प्रश्न पाठवते. तू काय ऐकलंस, आणि काय नुसतं कोणाकडून कळलं? तेव्हा तू कुठे उभा होतास? मग काय झालं? कोण काय म्हणालं? यातलं तुला सगळ्यात खरं काय वाटतं? आणि आणखी काय राहिलं?

उत्तरं मला नको पाठवू. त्यांना लिही.

आणि एक. हे मस्का मारायला म्हणत नाही, माझं तोंड तसं नाही हे तुला माहीत आहे. या केंद्रात मी आत्तापर्यंत साठएक जणांचं लिहिलेलं ऐकलं. "चढताना वाजत नाही. रिकामी असली तर एकदाच." इतकं स्वच्छ त्यांच्यापैकी कोणीही लिहिलेलं नाही. मीही नाही. तू माझ्यापेक्षा चांगला लिहितोस. मला तुझा अभिमान वाटतो, आणि तो वाटायला मला तिसरं वर्ष उजाडावं लागलं याची लाज वाटते.

मास्तरीण


१२ सप्टेंबर

दादा,

आईचा फोन आला. तू अर्ज दिलास आणि अठराला बोलावलंय, मलाही. आईने मध्ये न पडता हे सगळं सविस्तर सांगितलं. अर्ज कोणी लिहिला असं मी विचारलं, तर म्हणाली, "चार दिवस स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून होता. जेवायला ताटं कुठे ठेवू म्हटलं तर म्हणतो, खाली ठेव." मला हसूही आलं आणि रडूही.

मी मॅडमना सगळं सांगितलं. काही न लपवता. वाटलं, आता म्हणतील, तू इथे कशाला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मग उठून दाराशी गेल्या, डब्यात हात घालून माझं लाल पेन काढलं. "हे घेऊन जा. अक्षर तुझंच आहे हे दाखवायला लागेल." मी म्हटलं, "आणि नंतर?" तर म्हणाल्या, "नंतरची वेळ नोंदवलेली आहे तुझी. सिस्टर येणार आहेत सोमवारी, त्यांना तूच हवी आहेस. म्हणाल्या, ती मुलगी चुकते पण ऐकते."

अठराला मी येईन. कचेरीतल्या बाकावर बसेन, बोलावलं की आत जाईन, विचारतील ते सांगेन आणि दुपारच्या गाडीने परत फिरेन. तू माझ्याशी बोलायलाच हवं असं नाही. मला तुझी बाजू सांगायची नाहीये. ती तू सांगशील. मला फक्त माझी चूक सांगायची आहे.

मास्तरीण


२३ सप्टेंबर

मास्तरीण,

तुझी सगळी पत्रं मिळाली. पहिलं पाकीट तीन दिवस फ्रिजवर ठेवलं होतं. मग फोडलं. तू म्हणालीस तसंच झालं, त्याचा राग आला.

चौथं वाचून जास्त आला. दोन दिवस मी आईशीही बोललो नाही. कागद बघितला. मग पेन्सिल शोधली.

तू सांगून बाहेर आल्यावर आत काय झालं ते लिहितो.

चौकशीच्या साहेबांनी मला अर्ज मोठ्याने वाचायला सांगितला. दीड पान होतं. वाचताना एकदाही अडलो नाही, सगळे शब्द ओळखीचे होते. संत्र्यापाशी आलो तेव्हा ते म्हणाले, थांबा. त्यांनी त्या इमारतीच्या वॉचमनला बोलावून घेतलं होतं. त्याला बाहेर बसवलं होतं, त्याने माझं वाचलेलं ऐकलं नव्हतं. त्याला विचारलं, त्या मंगळवारी तुमच्या खोलीत कोण बसलं होतं? तो म्हणाला, सुपरवायझर साहेब. साहेबांनी विचारलं, एवढं कसं आठवतं? तो म्हणाला, त्यांनी संत्र्याची सालं माझ्या येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या रजिस्टरवर टाकली, पानं चिकटली, मी भांडलो होतो त्यांच्याशी. साहेबांनी रजिस्टर मागवलं. दोन पानं अजून चिकटलेली होती. पिवळा डाग होता. त्यांनी पट्टीने हळूच सोडवली. तारीख मंगळवारची.

सुपरवायझर साहेबांची चौकशी आता वेगळी होईल.

मग साहेबांनी माझा अर्ज पुन्हा उचलला. विचारलं, हे कोणी लिहिलं? मी म्हटलं, मी. ते म्हणाले, दिसतंय.

सही करायला नको होती, हे वाक्य त्यांनी दोनदा वाचलं. त्यासाठी मला लेखी ताकीद मिळणार आहे. ती मिळायला हवी. एक तारखेपासून कामावर ये म्हणाले. रविवारी हिशेबनिसांना भेटून आलो. काठी घेऊन चालतात. मी टक् आवाजाचं सांगितलं. ते म्हणाले, मलाही ऐकू यायचा, मला वाटलं माझ्या गुडघ्याचा.

तुझ्या सहा प्रश्नांतले पाच मी अर्जात घेतले. सहावा राहिला. आणखी काय राहिलं. त्याचं उत्तर साहेबांना द्यायचं नव्हतं, तुला द्यायचं आहे.

तो कागद तू माझ्याकडून ओढून घेतला नव्हतास. मी दिला होता. तू वाचत असताना मला माझ्या अक्षराची लाज वाटत होती. तुझं लिहून झालेलं बघितलं तेव्हा बरं वाटलं, आता आपण शिकलेले दिसू. संत्रं गेलं हे मला कळलं होतं. मी एकदाच विचारलं, मग सोडून दिलं. हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं. सगळा राग तुझ्यावर काढणं सोपं होतं. कागद लपवलास ते मात्र तुझंच. ते मी माझ्यावर घेणार नाही.

मी आत जाताना तू बाकावर दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसली होतीस. आई म्हणाली, थंडी वाजत असेल तिला. बाहेर आलो तेव्हा बाकावरची तुझी जागा रिकामी होती. दहा मिनिटं थांबली असतीस तर काय बिघडलं असतं?

साहेबांनी झेरॉक्स ठेवून घेतली आणि तो ४१२ नंबरचा कागद परत दिला. अक्षर दाखवायला तू तिथे तो शब्द लिहून दिलास, आणि पेन त्यांच्या टेबलावरच विसरलीस. मी घेऊन आलो. घरी आल्यावर त्याच पेनाने कागदावरचा एक शब्द खोडला, समासातला. बाकी काही दुरुस्त केलं नाही.

पेन घरी आहे. पोस्टाने पाठवणार नाही. येऊन घेऊन जा.

दादा